दहा मिलीची बाटली आणि अनवाणी पाय

मागच्या पावसाळ्यात मुकुंदवाडीच्या एका वस्तीत आम्ही एका घरी बसलो होतो. पत्र्याची खोली, दारासमोरून वाहणारी नाली आणि नालीच्या काठावर उघड्या पायांनी खेळणारे तीन वर्षांचे लेकरू. पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काडीसारखे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली फळी, आणि फळीवर औषधाची एक बोटभर बाटली अर्धी रिकामी. हे कशाचे म्हणून विचारले तर त्या माउलीने सांगितले, "जंताचं पातळ औषध हाय, दादा. अर्धं पाजलं, अर्धं पुढल्या महिन्याला ठिवलं. एकदम दिलं तर पोटात गरमी करतं म्हणत्यात."

कोण म्हणते? औषध दिलेला दुकानदारच तसे म्हणाला होता. आम्ही बाटली उजेडात धरून पाहिली. तळाशी चुना बसावा तसा पांढरा गाळ बसलेला, वर पाणी. बाटली हलवायची असते, हे त्या बाईला कुणी सांगितलेच नव्हते. म्हणजे औषध तळाशी राहिले आणि लेकराच्या पोटात गेले ते बहुतेक गोड पाणी! रोजंदारीचे पैसे मोडून आणलेली ती बाटली होती.

वाचक म्हणतील, चळवळीपुढे एवढे मोठमोठे प्रश्न उभे असताना हे काय जंतांचे पुराण काढले? आमचे म्हणणे असे, की ज्या लेकराच्या अंगात रक्तच नाही ते शाळेत बसून शिकणार काय आणि शिकून संघटित होणार काय? 'शिका' हा पहिला शब्द आहे, आणि शिकण्याच्या आधी शरीर लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी निघाली. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हाच आकडा ५३.८ होता. सगळा दोष जंतांचा नाही. पोटभर सकस अन्न नाही, आई स्वतःच रक्तक्षयी आहे, ही कारणे मोठी आहेत. परंतु जे थोडेफार रक्त आहे तेही पिणारा पोटातच बसलेला असेल, तर त्याची दखल घ्यावीच लागते.

आधी त्या बाटलीविषयी बोलू, कारण ती घराघरात येते आणि तिच्याविषयी कुणी नीट सांगत नाही. औषधाचे नाव अल्बेन्डाझोल. दहा मिलीच्या एका बाटलीत ४०० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे पाच मिलीत २००. दोन वर्षांवरच्या मुलाला पूर्ण बाटली एकाच वेळी द्यायची. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, म्हणजे पाच मिली. एक वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचेच नाही. हे औषध साखरेसारखे पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक कण पाण्यात तरंगतात आणि बाटली ठेवली की खाली बसतात. म्हणून पाजण्याआधी बाटली जोरजोरात हलवायची, तळाचा गाळ पूर्ण सुटेपर्यंत. घरातला चमचा मापाचा नसतो, कुणाचा तीन मिलीचा तर कुणाचा आठचा. बाटलीच्या झाकणावर किंवा सोबतच्या मापावर खूण असते, तीच धरावी. लेकराला ताप असेल, ते आजारी असेल तर बरे होईपर्यंत थांबावे. गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत हे औषध घेऊ नये, पुढेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. उपाशी ठेवण्याची गरज नाही, जुलाब देण्याची गरज नाही, आणि ती 'गरमी' तर कुठल्याच शास्त्रात नाही. पोटात जंत फार असतील तर औषधानंतर थोडी मळमळ, पोटदुखी, एखादी उलटी होऊ शकते. ती बहुधा आपोआप थांबते, फार झाली तर दवाखाना गाठावा.

पातळ औषधच का, गोळी का नाही? गोळीतही तेच औषध आहे आणि ती स्वस्त पडते. सरकारच्या मोहिमेत गोळीच वाटली जाते. पण तीन वर्षांच्या आतल्या लेकराला अख्खी गोळी दिली आणि ते रडत असताना नाक दाबून घशात कोंबली, तर ती श्वासनळीत अडकू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने हा धोका स्पष्टपणे बजावून ठेवला आहे: लहान मुलाला गोळी दोन चमच्यांमध्ये चुरडून पाण्यात मिसळून द्या, आणि मूल हातपाय झाडत असेल तर जबरदस्ती करू नका. अंगणवाडीत पन्नास लेकरे रांगेत असतात, ताई एकटी असते, वेळ कमी असतो. तिथे आयांनी आपले लेकरू आपल्या मांडीवर घेऊन बसावे आणि गोळी चुरडूनच मागावी. त्यात कसली लाज?

आता हे जंत येतात कुठून ते पाहू. गोड खाल्ल्याने जंत होतात, हे आपल्या घरोघरी ऐकू येते. गुळाचा खडा मागितला की आजी म्हणते, पोटात जंत पडतील! ते खोटे आहे. गुळात जंत नसतात. जंतांची अंडी असतात माणसाच्या विष्ठेत आणि त्या विष्ठेने नासलेल्या मातीत. गोलकृमीची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती मातीत दोन-चार आठवड्यांत पिकतात, मग हाताला, नखाला, न धुतलेल्या भाजीला, उघड्या पाण्याला चिकटून तोंडात जातात. अंकुशकृमीची तऱ्हा वेगळी. त्याला तोंडाची वाट लागत नाही. ओल्या, सावलीच्या मातीत त्याची अळी दबा धरून बसते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून थेट आत शिरते. तिथून रक्तावाटे फुप्फुसात, फुप्फुसातून घशात, घशातून गिळली जाऊन आतड्यात. आतड्याला दात रोवून ती रक्त पीत राहते. अंकुशकृमीचे मुख्य दोन प्रकार आहेत. लहान प्रकारातला एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिली रक्त खातो, मोठ्यातला ०.२ मिलीपर्यंत. लहानातले शंभर जरी पोटात असले तरी महिन्याला ९० मिली झाले. पाच-सहा वर्षांच्या लेकराच्या अंगात सारे मिळून सव्वा लिटरभर रक्त असते, हे ध्यानात घ्या आणि हिशेब करा.

म्हणजे हा रोग कुणाला होणार हे आधीच ठरलेले आहे. ज्याच्या पायात चप्पल नाही त्याला. ज्याच्या घरात संडास नाही, किंवा संडास आहे पण पाणी नाही त्याला. जो दुसऱ्याची घाण उपसतो त्याला. गावचे सांडपाणी उताराने ज्या बाजूला जाते त्या बाजूला आमच्या वस्त्या वसवल्या गेल्या. हा काही भूगोलाचा योगायोग नव्हे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आमच्या बापजाद्यांनी ओंजळीत घेतले, तेव्हा तळे बाटले म्हणून ते 'शुद्ध' करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी त्यात ओतल्या गेल्या. पिण्याच्या पाण्यात शेण कालवणारे शुद्ध आणि ते पाणी पिणारा माणूस अशुद्ध! स्वच्छतेची ही व्याख्या या देशात शतकानुशतके चालली. जंतूंना मात्र ती कधी कळली नाही. ते विष्ठेने नासलेली माती पाहतात, माणसाची जात पाहत नाहीत. आमच्या वाट्याला ती माती जास्त आली, एवढेच.

आणखी एक शिवी आमच्या वाट्याला आली. आळशी. 'या लोकांना काम नको, नुसते बसून राहतात.' अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गरीब, अनवाणी शेतमजुरांना आणि कापडगिरण्यांतल्या कामगारांनाही तिथले शहाणे हेच म्हणत असत. चार्ल्स स्टाइल्स नावाच्या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिले, की या माणसांच्या पोटात अंकुशकृमी आहेत आणि त्यांच्या अंगात रक्त नाही. तिथल्या वर्तमानपत्रांनी या किड्याला 'आळसाचा जंतू' असे नाव दिले. १९०९ साली रॉकफेलरने दहा लाख डॉलर देऊन त्याविरुद्ध मोहीम उघडली, गावोगाव औषधे वाटली, संडास बांधायला शिकवले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या आळशी म्हटले ते रोगी होते! आमच्याकडे ज्यांनी ही शिवी वापरली त्यांनी आमच्या मजुराचे रक्त तपासायची तसदी कधी घेतली होती काय?

जंतांवर पातळ औषध ही गोष्ट नवी नाही. जुन्या पिढीला वावडिंगाचे पाणी आठवत असेल, कडुनिंबाचा रस आठवत असेल, पळसाच्या बिया आठवत असतील. नाक दाबून पाजलेले एरंडेल तर कुणीच विसरणार नाही. किरमाणी ओव्यातून सँटोनिन नावाचे औषध काढत. ते घेतले की माणसाला सारे जग पिवळे दिसायचे. चेनोपोडियमचे तेल होते, त्याने जंत मरत आणि मात्रा चुकली तर माणूसही मरे. १९५० च्या दशकात पिपराझिनचे गोड सरबत आले. आमच्यापैकी अनेकांनी ते लहानपणी प्यालेले आहे. त्याने जंत मरत नसत, लुळे पडत आणि वळवळत बाहेर येत. आई ते डोळ्यांनी पाही आणि म्हणे, औषध लागू पडले. अल्बेन्डाझोल १९७२ मध्ये शोधले गेले, तेही आधी जनावरांसाठी, आणि पुढे १९८० च्या दशकात माणसांसाठी आले. ते जंताला साखर शोषू देत नाही. जंत उपाशी राहून सावकाश मरतो आणि बऱ्याचदा मळात विरून जातो, दिसतही नाही. म्हणून आजच्या काही आया म्हणतात, 'काहीच पडलं नाही, औषध खोटं होतं.' खोटे नव्हते. वावडिंग, कडुनिंबाला आमचा विरोध नाही. पण घरच्या काढ्यावर विसंबून दहा मिलीची बाटली टाळू नये. अंगारा आणि गंडेदोरे यांच्याविषयी तर या पानाच्या वाचकांना आम्ही वेगळे काय सांगावे!

आता सरकारकडे वळू. १० फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्राने राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता. एक ते १९ वर्षांच्या मुलामुलींना अंगणवाडीत आणि शाळेत वर्षातून दोनदा औषध द्यायचे, अशी ही योजना. भारतात एक ते १४ वर्षांची २४ कोटी १० लाख मुले जंतांच्या धोक्याखाली आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज त्यामागे होता. योजना चांगली आहे, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. फुकट आहे, सोपी आहे, औषध सुरक्षित आहे. प्रत्येक आईने त्या दिवशी आपले लेकरू नेलेच पाहिजे.

परंतु पोस्टरवर मंत्र्यांचे हसरे चेहरे छापून 'जंतमुक्त' शब्द लिहिला की जंत जात नाहीत. औषध पोटातला जंत मारते, अंगणातला नाही. औषधानंतर तोच जंत किती लवकर परत येतो, यावर अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा महिन्यांत गोलकृमीचे प्रमाण आधीच्या ९४ टक्क्यांपर्यंत पुन्हा पोहोचले होते, अंकुशकृमीचे ५७ टक्क्यांपर्यंत. आपल्या उत्तर प्रदेशात दहा लाख बालकांवर सर्वांत मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. दर सहा महिन्यांनी औषध दिले तरी सरसकट सर्व बालकांच्या वजनात आणि मृत्युदरात म्हणावा असा फरक दिसला नाही. ज्याच्या पोटात जंत आहेत त्याला औषधाने गुण येतो, याविषयी वाद नाही. पण चिखल, नाली आणि रिकामे ताट तसेच ठेवून वर्षातून दोनदा औषध पाजले की मूल धष्टपुष्ट होईल, ही समजूत खरी ठरली नाही. पोषण आणि सार्वजनिक आरोग्य यांचा दर्जा उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचे ४७ वे कलम सांगते. त्या कर्तव्याची किंमत एका गोळीएवढी करता येणार नाही.

या शहराचेच बघा. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. पैठणला जायकवाडीचा अथांग नाथसागर, आणि इथल्या वस्त्यांनी वर्षानुवर्षे पाचव्या, आठव्या दिवशी येणाऱ्या नळाची वाट पाहिली. टाकीत, ड्रममध्ये साठवलेले पाणी आठवडाभर पुरवायचे तर ते आधी पिण्याला, मग स्वयंपाकाला. हात धुवायला किती उरते? अंगणवाडीच्या भिंतीवर 'साबणाने हात धुवा' असे रंगवणाऱ्याने तिथे नळ आहे काय, हे पाहिले होते काय? नोव्हेंबर २०१७ मध्ये छावणीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि हजारो माणसे गॅस्ट्रोने आडवी झाली. तेव्हा चार दिवस गाजावाजा झाला. जंतांचे तसे नसते. ते एका रात्रीत कुणाला पाडत नाहीत, म्हणून त्यांची बातमी होत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी कचरा टाकू देणार नाही म्हणून गाड्या अडवल्या आणि शहर कचऱ्याखाली बुडाले. साऱ्या शहराच्या नाकाला तेव्हा रुमाल लागला. पण त्या ढिगाऱ्यांवर वर्षानुवर्षे हाताने कचरा वेचणाऱ्या बायांच्या पायांत काय होते, हे त्या गदारोळात कुणी विचारले नाही. या बाया, गटारात उतरणारे सफाई कामगार, विटभट्टीवरचे मजूर हे १९ वर्षांवरचे. जंतनाशक दिनाच्या यादीत त्यांना जागा नाही. ठेकेदाराने त्यांना बूट आणि हातमोजे द्यावेत आणि पालिकेने वर्षातून दोनदा त्यांच्या औषधाची सोय करावी, ही मागणी आमच्या संघटनांनी लेखी द्यायला हवी.

आणि सर्वांत मोठी फट वेगळीच आहे. मराठवाड्यातून दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड कामगारांच्या गाड्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून कोयता, आणि सोबत लेकरे. परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. जंतनाशक दिन कधी? १० फेब्रुवारी. म्हणजे गावच्या अंगणवाडीत त्या दिवशी हजेरीपटावर त्या लेकराचे नाव असते, पण लेकरू नसते. ते असते पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत, पाचटाच्या कोपीत, आणि तिथल्या अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव नसते! शाळेबाहेरच्या मुलांनाही औषध द्यायचे, असे योजनेच्या कागदावर लिहिलेले आहे. कोपीपर्यंत तो कागद कोण घेऊन जाणार?

यातला क्रूर विनोद असा, की अंकुशकृमीच्या अळीला ओली, सावलीची, उबदार माती लागते. मराठवाड्याची कोरडी, तापलेली भुई तिला मानवत नाही. जिथे आमचे लेकरू तुलनेने सुरक्षित असते तिथे ते पावसाळ्यानंतर राहतच नाही. ते जाते भिजवलेल्या उसाच्या फडात, जिथे संडास नाही, माणसे फडाच्या कडेलाच बसतात, आणि त्याच मातीत ते दिवसभर अनवाणी फिरते. नेमका तोच हंगाम औषध चुकण्याचा.

हे सुधारायला काही कोटींची योजना लागत नाही. गाड्या भरण्याच्या आधी, ऑक्टोबरात, गावच्या आशाताईने आणि अंगणवाडीताईने मुकादमांकडून निघणाऱ्या कुटुंबांची यादी घ्यावी आणि ती ज्या कारखान्यावर जाणार तिथल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवावी. फेब्रुवारीत तिथल्या ताईने बाटल्या घेऊन कोप्यांवर जावे, कोप्यांनी तिच्याकडे येण्याची वाट पाहू नये. जे राहतील त्यांना एप्रिलमध्ये गावी आल्याबरोबर द्यावे. प्रत्येक लेकरामागे एक जोड चप्पल कारखान्याने द्यावी. साखरेच्या पोत्यांच्या हिशेबात ती कुठेही खुपणार नाही. आमचे कार्यकर्ते जयंतीच्या वर्गणीसाठी याच घरांच्या दारात जातात. त्यांनी सप्टेंबरातच यादीची वही हातात घेतली तर अडवतो कोण?

मुकुंदवाडीच्या त्या माउलीने आमच्या सांगण्यावरून बाटली हलवली, गाळ सुटला, पाणी दुधासारखे पांढरे झाले. ती जुनी बाटली मात्र आम्ही टाकायला लावली आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून नवी आणली. लेकराने तोंड वाकडे करत पूर्ण प्याली. मग तिने विचारले, "आता परत तर नाही ना व्हणार, दादा?"

दारात नाली वाहत होती. लेकरू मांडीवरून उतरले आणि पुन्हा तसेच उघड्या पायांनी तिच्याकडे धावले.